नवापूरच्या कोंबड्या आणि आपलं अंगण

पिपरी मेघेत आपल्यापैकी कितीतरी जणी विद्यार्थ्यांना डबे देतात, खोल्या भाड्याने देतात आणि मागच्या अंगणात पाच-दहा कोंबड्याही पाळतात. हिंदी विश्वविद्यालयात, सावंगी आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पोरंपोरी दूरदूरहून येतात, काही परदेशातूनही. त्यामुळे बर्ड फ्लूची बातमी आली की आम्हा गटाच्या बायांना दोन प्रश्न हमखास येतात. डब्यात अंडं द्यायचं का, आणि कोंबड्यांचं काय करायचं? उत्तरासाठी वीस वर्षं मागे जावं लागतं, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला.

नवापूर गुजरातच्या सीमेवर आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठमोठे फार्म होते. २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या मरू लागल्या. मालकांना वाटलं, नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि १८ फेब्रुवारीला राज्याचे तेव्हाचे पशुसंवर्धन मंत्री, आपल्या नागपूरचे अनीस अहमद यांनी जाहीर केलं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१. भारतातली ही पहिलीच साथ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. फार्मवरच्या माणसांचे नमुने तपासले, पण कुणालाही लागण झालेली आढळली नाही.

भीती मात्र देशभर पसरली. रेल्वेने जेवणातून चिकन काढलं. अंड्यांचे भाव कोसळले. मग लोकांना धीर यावा म्हणून पुढाऱ्यांनी स्टेजवर बसून चिकन खाल्लं! आमच्या मते दोन्ही टोकं चुकलीच. नीट शिजवलेल्या अंड्या-चिकनमधून हा रोग होत नाही. सत्तर अंशांच्या वर, आतपर्यंत शिजलं की विषाणू मरतो. आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. धोका खाणाऱ्यापेक्षा आजारी कोंबडी हाताळणाऱ्याला, कापणाऱ्याला, पिसं काढणाऱ्याला, खुराडं झाडणाऱ्याला. आता घरोघरी खुराडं कोण झाडतं, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

नवापूरनंतर महिनाभरात जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड, साळवे या गावांत रोग सापडला. यावेळी फार्मवर नाही, घरच्या कोंबड्यांत. अशी कोंबडी म्हणजे बाईची तिजोरी. पोराची वही, पाहुण्याचा पाहुणचार, दवाखान्याची फी, सगळं तिच्यातून निघतं. माणसं पोती घेऊन दारात आली की ती लपवावीशी वाटणारच. पण इथला हिशोब समजून घ्या. सरकार भरपाई देतं ती मारून टाकलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे दोन मेल्याबरोबर कळवलं तर उरलेल्या आठांचे पैसे मिळू शकतात. आठवडाभर झाकून ठेवलं तर कोंबड्याही गेल्या आणि पैसेही. शिवाय घरातल्या लेकराचा जीव टांगणीला. २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये याच रोगाने गेला.

नवापूर दूर वाटतं ना? परभणीजवळच्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये शेकडो कोंबड्या मेल्या. आणि २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. गोरेवाडा आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे.

आता प्रवासाचं. २०१९ मध्ये मेळघाटातल्या सतरा महिन्यांच्या कोरकू बाळाला ताप, खोकला, दम लागला. पुण्याच्या विषाणू संस्थेने तपासलं तर एच९एन२, बर्ड फ्लूचाच दुसरा प्रकार. भारतात माणसात पहिल्यांदाच सापडलेला. ते आईबापांसोबत आठवडाभर आधी एका धार्मिक मेळाव्याला जाऊन आलं होतं. कोंबड्यांशी संबंध आल्याचं घरच्यांना आठवत नव्हतं. बाळ बरं झालं. २०२४ मध्ये कोलकात्याला राहून ऑस्ट्रेलियात परतलेल्या अडीच वर्षांच्या मुलीला एच५एन१ निघाला. तीही वाचली.

म्हणून डबा घेणाऱ्या पोरांना आम्ही सांगतो: गावी जा, मजेत राहा, पण जिवंत कोंबड्यांच्या बाजारात हात लावत फिरू नका, मेलेला कावळा-बदक उचलू नका, येताना गावरान कोंबडी पिशवीत घालून आणू नका. परतल्यावर दहा दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगा, कुठून आलो, तिथे पक्षी आजारी होते का. साधा ताप म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन वर्गात बसायचं नाही.

आणि आपल्यासाठी: खुराडं झाडताना तोंडाला ओढणी, हातात मोजे किंवा पिशवी, नंतर साबणाने हात. कच्चं मटण कापलेला विळा आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरायचा नाही. अर्धकच्चं अंडं डब्यात नको. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तर नाल्यात फेकू नका, कुत्र्याला घालू नका, स्वस्तात विकू तर अजिबात नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. एकटीला धीर होत नसेल तर गटाच्या अध्यक्षाला सोबत घ्या, आणि किती कोंबड्या होत्या, किती मेल्या, हे त्याच दिवशी गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. भरपाईच्या वेळी मोजणीवरून वाद झाला तर ती वही दाखवता येईल.