बेशुद्ध माणसाचा श्वास

रस्त्यात एखादा माणूस कोसळला की भोवती जमलेल्या घोळक्यातून कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतो, कोणी पायातली वहाण काढून हुंगवतो, कोणी तोंडावर पाण्याचा हबका मारतो, आणि एखादी वडीलधारी बाई तळपाय चोळीत त्याला नावाने हाका मारीत बसते. या साऱ्या खटपटीमागे एकच समजूत आहे, ती ही की शुद्ध हरपलेल्याला प्रथम जागे केले पाहिजे. ती अडाण्यांची म्हणून हिणवण्याचे कारण नाही, कारण ती शास्त्रकारांचीही होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या तीव्रतेच्या तीन अवस्था वर्णिल्या आहेत. संन्यासात रोगी लाकडासारखा निश्चेष्ट, जवळजवळ मृतवत् पडतो, आणि त्यावर अविलंब इलाज करावा असे सांगून ग्रंथकाराने जे उपाय दिले आहेत, त्यांत तीक्ष्ण अंजन, नाकात फुंकावयाची चूर्णे, धूर, सुया टोचणे, केस उपटणे, दातांनी चावणे, अंगाला खाजकुइली घासणे, अशी सारी जागे करण्याचीच साधने आहेत. विलंब घातक ठरतो हे चरकाने अचूक ओळखले होते. माणूस बेशुद्धच राहू द्यावा आणि त्याचा श्वास तेवढा आपण चालवावा, हा विचार रुजायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

तो विचार त्यापूर्वी एकदा उंबऱ्यापर्यंत येऊन परतला होता. कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोघा वैद्यांनी लंडनमध्ये तशीच दुसरी काढली. बुडालेल्याच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकावी ही शिफारस त्या काळी झालेली पाहून आज अचंबा वाटतो. परंतु तिच्याच शेजारी, तितक्याच आग्रहाने, गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर आत सोडण्याचीही शिफारस होती, आणि त्यासाठी भाता व नळ्या असलेल्या पेट्या टेम्सच्या काठी सज्ज ठेवलेल्या असत. १८११ साली बेंजामिन ब्रॉडी याने तंबाखू हृदयाला विषासमान आहे हे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवल्यानंतर धूर हळूहळू विझला. दुर्दैव असे की फुंकरीचाही मान गेला, आणि तिच्या जागी रोग्याला पालथे घालून पाठ दाबण्याच्या किंवा त्याचे हात वर-खाली करण्याच्या रीती रूढ झाल्या. प्रथमोपचाराच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या त्याच गिरवल्या गेल्या.

जागे करण्याच्या हव्यासाची खरी परीक्षा कोपनहेगनमध्ये झाली. झोपेच्या बार्बिट्युरेट गोळ्या घरोघर पोचल्यावर त्या मुद्दाम अथवा चुकून अधिक घेऊन गाढ बेशुद्धीत गेलेले रुग्ण इस्पितळांत येऊ लागले, आणि डॉक्टरांनी त्यांना पिक्रोटॉक्सिन, स्ट्रिक्नीन, ॲम्फेटामीन अशी मेंदूला डिवचणारी औषधे टोचण्याचा परिपाठ ठेवला. रुग्ण क्षणभर हालचाल करी, पुष्कळदा आचके देई, आणि पुन्हा खोल बुडे. १९४९ पासून बिस्पेबियर्ग रुग्णालयात अशा विषबाधितांसाठी स्वतंत्र कक्ष चालवणाऱ्या कार्ल क्लेमेसेन यांनी ही सारी औषधे वर्ज्य केली. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, कफ ओढून काढायचा, ठरावीक वेळाने कूस बदलायची, प्राणवायू द्यायचा, रक्तदाब सावरायचा आणि शरीर स्वतः विष बाहेर टाकीपर्यंत थांबायचे, एवढाच त्यांचा इलाज होता. शंभरांत सुमारे वीस दगावत होते, ते प्रमाण एक-दोनांवर आले. कोणतेही नवे औषध न शोधता, उलट चालू असलेली औषधे बंद करून, केवळ रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या परिचारिकांच्या हातांनी मिळालेला हा विजय वैद्यकाच्या इतिहासात फार क्वचित सांगितला जातो, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

हीच गोष्ट इस्पितळाच्या दाराबाहेर आणली ती पीटर सफार यांनी. व्हिएन्नात जन्मलेल्या या भूलतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोर येथे स्वेच्छेने पुढे आलेल्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना भूल देऊन, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने त्यांचा श्वास थांबवला, आणि सामान्य माणसांना, ज्यांत अग्निशामक दलाचे जवान आणि बालवीरही होते, त्यांच्या तोंडात फुंकर घालायला लावली. छाती प्रत्येक फुंकरीला उचलली जाई. पाठ दाबण्याच्या जुन्या रीतीने हवा पुरेशी आत जाईना, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बुजवते, आणि मान मागे कलवून हनुवटी उचलल्याखेरीज ती वाट उघडत नाही. तो बेशुद्ध कशाने झाला, हे ठाऊक असण्याची या कृतीला गरजच नव्हती.

पुढे सफार पिट्सबर्गला गेले. तेथे कोसळलेल्या माणसाला बहुधा पोलिसांची गाडी नेई. रुग्णाला मागे टाकून शिपाई पुढे बसत आणि वाटेत त्याचा श्वास पाहायला कोणी नसे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत भाषण करताना कोसळले. त्यांचे हृदय पुन्हा सुरू झाले, पण मेंदू परतला नाही आणि १७ दिवसांनी ते निवर्तले. त्याच वर्षी सफार यांची कन्या दम्याने गेली होती. या दोन आघातांच्या छायेत, १९६७ साली, शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील ‘फ्रीडम हाऊस’ या संस्थेशी हात मिळवून त्यांनी रुग्णवाहिकेची तजवीज केली. तिच्यावर नेमलेले तरुण बेकार होते, अनेकांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. त्यांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले गेले. श्वासमार्ग आधी, मग श्वास, मग रक्ताभिसरण, आणि कारणाचा शोध त्यानंतर, हा क्रम त्यांनी जिन्यांवर, गल्ल्यांत, स्वयंपाकघरांच्या फरशीवर गिरवला. त्यांची योग्यता डॉक्टरांच्या नजरेत सिद्ध झाली असतानाच नगरशासनाने १९७५ साली स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. या तरुणांच्या वैद्यकीय प्रमुख नॅन्सी कॅरोलाइन यांनी लिहिलेला पाठ्यग्रंथ मात्र देशभर गेला. ज्यांनी धंद्याचा पाया घातला त्यांनाच त्याच्या इमारतीत जागा राहिली नाही, हा अन्याय होता आणि तो अन्याय म्हणूनच नोंदला पाहिजे.

याच सुमारास जागे करण्याचा मोह एकदा नव्या वेषात परतला. १९७१ साली अमेरिकेत अफूवर्गीय विषावरील नॅलोक्सोनला मान्यता मिळाली, आणि अज्ञात कारणाने बेशुद्ध पडलेल्या प्रत्येकाला ग्लुकोज, थायमिन आणि नॅलोक्सोन सरसकट टोचण्याचा प्रघात पडला. प्रघात सर्वस्वी चूक नव्हता. साखर उतरलेला मधुमेही ग्लुकोजने पाहता पाहता डोळे उघडतो. परंतु बोटाच्या थेंबभर रक्तावर साखर मोजणारे यंत्र गाडीत आले, तेव्हा अंदाजाने टोचण्याची निकड संपली, आणि १९९५ च्या सुमारास विषचिकित्सकांनीच या सरसकटपणाला हरकत घेतली. त्याआधीच, १९७४ मध्ये, ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी डोळे, वाणी आणि हालचाल यांवरून बेशुद्धीची खोली मोजण्याची जी पद्धत दिली, ती कारणाबद्दल मौन पाळते, आणि म्हणूनच सर्वत्र उपयोगी पडते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. पावसाळ्यात भल्या पहाटे एखाद्या वाडीवरून तिला जे बोलावणे येते, त्यात या साऱ्या इतिहासाचा कस लागतो. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला धडधाकट माणूस पोटात दुखते म्हणत उठतो, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि मग तो निपचित पडतो. अंगावर जखम दिसत नाही, कारण मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही आणि त्याची खूणही बहुधा राहत नाही. घरच्यांना बाधा वाटते, झटका वाटतो, कोणी कांदा आणायला धावतो. अशा वेळी डॉक्टरने तो कुठे निजला होता, जवळ औषधाची रिकामी बाटली वा गोळ्यांचे पाकीट आहे का, तोंडाला कीटकनाशकाचा वास येतो का, मधुमेहाचे औषध चालू आहे का, हे विचारावे खरे. पण हनुवटी उचलून हाताने हवा देणारी अॅम्बू बॅग लावणारे हात त्या उत्तरांसाठी थांबू नयेत. मण्यारीच्या विषाने बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, पापणीही हलत नाही, आणि पाहणाऱ्याला मेंदू गेल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात आत तो माणूस पुष्कळदा सावध असतो, उशाशी चाललेले बोलणे ऐकत असतो. विषाने निकामी झालेली चेतातंतूंची टोके पुन्हा कामाला लागेपर्यंत, कधी काही दिवस, त्याचा श्वास यंत्राने चालवला तर तो स्वतःच्या पायांनी घरी जातो, आणि म्हणून त्याच्या बाहुल्या पाहून घरच्यांना निर्वाणीचे काही सांगण्याची घाई कोणी करू नये.