मिलोची ज्वारी आणि ७२ चा दुष्काळ

७२ च्या दुष्काळाचा विषय घरात निघाला की दोन शब्द हमखास येतात: मिलो आणि सुकडी. "तेव्हा पाणी होतं, खायला नव्हतं," हेही येतंच. मला मात्र कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं. ज्वारी तर दुष्काळातलंच पीक, मग ती हरली कशी?

मुळात ७२ हे एका वर्षाचं नाव नाहीच. १९७० आणि १९७१ मध्येही राज्यातल्या बऱ्याच भागांत पावसाने ओढ दिली होती. १९७२ ने कळस केला. ज्वारीची युक्ती अशी, की वाढीच्या काळात पाणी तुटलं तर ती पानं गुंडाळून चक्क थांबते. आमच्या भाषेत स्लीप मोड! पाऊस आला की पुन्हा वाढायला लागते. पण ही सवलत पोटरीत येईपर्यंतच. फुलोऱ्याच्या सुमारास ताण बसला तर कणसात दाणेच कमी धरतात. दाणे भरताना बसला तर खडखड्या रोग. बुंधा आतून पोकळ होतो आणि उभं पीक आडवं पडतं. या रोगाची बुरशी जमिनीतच टिकून राहते, म्हणजे पुढच्या वर्षीची सोय आधीच झालेली.

सोलापूर-नगरकडची रब्बी ज्वारी तर जवळजवळ पूर्णपणे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस चुकला की मोहोळची मालदांडी कितीही काटक असली तरी करणार काय? पेरणीच होत नाही. आणि ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, हे शहरात वाढलेल्या आपल्याला पटकन लक्षात येत नाही. कडबा नाही म्हणून बैल विकायचे, घरात दाणा नाही म्हणून बियाण्याचाही घास करायचा. मग पुढच्या वर्षी पाऊस आला तरी पेरायचं कशाने, आणि काय? लागोपाठच्या दुष्काळाचा खरा मार इथे आहे, असं मला वाटतं.

मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. असो.

आता मिलो. अमेरिकेतून आलेला तो लाल दाणा लोकांनी नाक मुरडत खाल्ला. पण मिलो म्हणजे अमेरिकेतली ज्वारीच! आणि गंमत म्हणजे, १९६४ साली आलेलं भारतातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, ज्या मादी वाणापासून बनलं त्यातलं पेशीद्रव्य मिलोचंच होतं. रेशनच्या पोत्यातून येण्याआधीच मिलो हायब्रीडच्या आईकडून आपल्या शेतात येऊन बसली होती.