परदेशातील हिवाळी मोटारप्रवास : तयारी जालन्यातूनच

जालना जिल्ह्यात थंडी पडते, बर्फ नाही. त्यामुळे येथील मुरलेल्या चालकालाही युरोपातील हिवाळी रस्ता नवखाच असतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच जालन्याच्या परिवहन कार्यालयातून घ्यावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि मूळ परवानाही सोबत लागतोच. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत; ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर पर्वत व हिमकणाचे चिन्ह आवश्यक ठरले आहे. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच ते पाहून घ्यावे. खरा धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या पारदर्शक बर्फाच्या थराचा. खालूनही गार वारा लागत असल्याने पुलांवर तो आधी धरतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेनुसार, अशा रस्त्यावर गाडी थांबण्यास दहापटीपर्यंत अंतर लागू शकते.