जोडीदाराचा शोध : गणगोतापासून संकेतस्थळापर्यंत

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे, हातमागाच्या विणकामासाठी ओळखले गेलेले नगर. अशा लहान नगरांत स्थळे सुचविण्याचे काम नातेवाईक, गावातील जाणती मंडळी आणि समाजाचे उपवर-वधू परिचय मेळावे करीत आले. मेळाव्यातील परिचय पुस्तिकेची पाने संपली की शोधही थांबे. भ्रमणध्वनीवर इंटरनेट आल्यानंतर ही मर्यादा उरली नाही. निवडीचे निकष मात्र त्या प्रमाणात बदललेले नाहीत.

संकेतस्थळांची वाटचाल

भारतात विवाहविषयक संकेतस्थळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. अनुपम मित्तल यांचे 'सगाई डॉट कॉम' पुढे 'शादी डॉट कॉम' झाले. मुरुगवेल जानकीरामन यांच्या 'भारतमॅट्रिमोनी'ने मराठीसह भाषावार दालने उघडली. २०१२ मध्ये अमेरिकेत 'टिंडर' आले आणि छायाचित्र पाहून बोटाच्या एका हालचालीने पसंती-नापसंती कळविण्याची पद्धत रूढ झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ'ची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त इंटरनेट लहान गावांतील तरुणांच्याही हाती आले.

जुनेच निकष, नवे रकाने

जात, पोटजात, शिक्षण, उत्पन्न, उंची असे रकाने भरले की संगणक स्थळांची छाननी करतो. गावातील मध्यस्थ 'पगार थोडा कमी आहे, पण मुलगा गुणी आहे' असे सांगून अट शिथिल करून घेऊ शकतो. संगणक मात्र अटीत न बसणारे स्थळ समोर आणतच नाही. त्यामुळे शोधाचा परीघ वाढूनही निवड संकुचित राहू शकते. 'शादी डॉट कॉम'वर वर्णानुसार छाननीची सोय होती. जनमताच्या दबावानंतर ती जून २०२० मध्ये काढण्यात आली. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले होते. याउलट, अमेरिकेत २०१७ मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची पहिली ओळख इंटरनेटवर झाल्याचे तेथील संशोधकांना आढळले.

सावधगिरी आणि कायदा

गावातील स्थळाची चौकशी चार घरी करता येते. पडद्यावरील माहिती ज्याने त्याने स्वतःच लिहिलेली असते. फसवणुकीचा धोका येथेच संभवतो. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढून सदस्यांच्या ओळखीच्या पडताळणीवर भर दिला. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

प्रत्यक्ष भेटीपूर्वी पैसे किंवा खासगी छायाचित्रे पाठवू नयेत, पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी आणि शिक्षण, नोकरी व वैवाहिक स्थितीची स्वतंत्र खातरजमा करावी. संकेतस्थळ ओळख करून देते. स्वभावाची पारख मात्र सहवासातूनच होते आणि त्यासाठी पुरेसा वेळ घेणे दोघांच्याही हिताचे ठरते.