मातीची मूर्ती, गाळाचे कलश

नाशिक हा नद्यांच्या उगमांचा जिल्हा होय. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी, तर सुरगाणा परिसरातील डोंगरांत नार, पार आणि गिरणा उगम पावतात. यांपैकी गोदावरी व गिरणा पुढे गावा-शहरांतून वाहतात आणि भाद्रपदात त्यांच्या पात्रांत गणेशमूर्तींचे विसर्जन होत आले आहे. मूर्ती कशाची, यावर नदीचे बरेच काही अवलंबून असते.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवलेले जिप्सम. पाणी मिसळताच ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. त्यामुळे विसर्जनानंतरही मूर्तींचे भग्नावशेष पात्रात पडून राहतात, रंगांतील जड धातू पाण्यात उतरतात ते वेगळेच. शाडूची मूर्ती भाजलेली नसल्याने तिचा चिखल होतो. अर्थात शाडूही सर्वस्वी निर्दोष नव्हे. ती मुख्यत्वे गुजरातमधून खणून आणावी लागते आणि तिचाही गाळ साचतोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्यास मुभा दिली, नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनास मात्र नाही.

मूर्तिकाराने विरघळणारी माती निवडणे, हे प्रदूषणाला दिलेले एक उत्तर झाले. कुंभारकलेने याच्या नेमके उलट उत्तरही दिले आहे. सुमारे ६०० अंशांपलीकडे भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, हा तिचा गुण तेथे कामी आला. चीनमधील बाओतोऊ शहराजवळ दुर्मिळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणातून निघणाऱ्या काळ्या, विषारी गाळाचे प्रचंड तळे आहे. लंडनच्या ‘अननोन फील्ड्स’ या अभ्यासगटाने तेथील गाळ आणून केव्हिन कॅलहन या कुंभारकलावंताकरवी मिंगकालीन घाटाचे तीन कलश घडवले. एक स्मार्टफोन, एक हलका लॅपटॉप आणि विजेवरील मोटारीच्या बॅटरीचा एक सेल तयार होताना जितका गाळ निर्माण होतो, त्या प्रमाणात प्रत्येक कलशाचा आकार ठरवण्यात आला. २०१५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ऐषारामी वस्तूंवरील प्रदर्शनात ते मांडले गेले. तपासणीत या गाळातील किरणोत्सर्ग नेहमीच्या पार्श्वभूमीच्या सुमारे तिप्पट आढळला होता.