न झालेली अदलाबदल

‘असें झालें असतें तर काय झालें असतें’ या प्रश्नाच्या वाटेस इतिहासाच्या अभ्यासकानें जाऊं नये, असा आमच्या व्यवसायांतील जुना दंडक आहे. पानिपतची गोष्ट निघाली कीं हा दंडक सर्वांत आधीं आम्हीच मोडतों, ही गोष्ट निराळी! परंतु दंडकामागील भीति खोटी नाहीं. ज्या पर्यायाचा कोणीं विचारच केला नव्हता, त्यावर मनोराज्याचे मजले चढविणें हा इतिहास नव्हे. मात्र एखादी गोष्ट ठरली, सर्व पक्षांनीं तिला संमति दिली, आणि ऐन वेळीं एका माणसाच्या नकारानें ती मोडली, तर त्या नकाराचें मोल ठरविण्यासाठीं न झालेल्या गोष्टीचा विचार करणें भागच पडतें. असें एक स्वच्छ उदाहरण आम्हांस रणांगणावर किंवा दरबारांत न सापडतां अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या इतिहासांत सापडलें. खेळाचा विषय म्हणून वाचकांनीं नाक मुरडूं नये. सत्ता, पैसा आणि मत्सर हीं आपल्या ओळखीचीं पात्रें येथेंही हजर आहेत.

ता. ८ डिसेंबर २०११ ची ही हकीकत. न्यू ऑर्लिन्सच्या हॉर्नेट्स संघांत ख्रिस पॉल नांवाचा खेळाडू होता. चेंडू कोणाच्या हातीं आणि केव्हां द्यावा हें ओळखण्यांत त्याची बरोबरी करणारे त्या काळीं फारच थोडे होते. पुढील उन्हाळ्यांत त्यास करारांतून मोकळें होतां येणार होतें, आणि तो राहणार नाहीं हेंही दिसून चुकलें होतें. तो फुकट जाण्यापेक्षां मोबदल्यांत कांहीं पदरांत पाडून घ्यावें, म्हणून संघाचे व्यवस्थापक डेल डेम्प्स यांनीं तीन संघांचा व्यवहार जुळविला. पॉलनें लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे जावयाचें. लेकर्सचा उंच स्पॅनिश खेळाडू पाऊ गासोल यानें ह्यूस्टनकडे. आणि न्यू ऑर्लिन्सला लेकर्सकडून लामार ओडम, व ह्यूस्टनकडून केव्हिन मार्टिन, लुईस स्कोला, गोरान द्रागिच आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडींतील एक हक्क मिळावयाचा. तिन्ही संघ राजी झाले, वृत्त बाहेर फुटलें, आणि कांहीं तासांतच नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनीं व्यवहार नामंजूर केला. कारण काय, तर ‘खेळाच्या दृष्टीनें’. याहून अधिक खुलासा त्या दिवशीं झाला नाहीं.

कमिशनरास हा अधिकार आला कोठून? डिसेंबर २०१० मध्यें हॉर्नेट्सचे मालक जॉर्ज शिन यांच्याकडून तो संघ असोसिएशननेंच विकत घेतला होता. म्हणजे ज्या संस्थेनें ३० संघांमध्यें न्याय करावयाचा, तीच त्यांतील एका संघाची मालकीण, आणि उरलेल्या २९ संघांचे मालक त्या तिसाव्याचे भागीदार! त्यांतून प्रसंगही मोठा नाजूक होता. मालकांनीं १ जुलैपासून खेळाडूंविरुद्ध टाळेबंदी पुकारली होती. लहान शहरांच्या संघांस धनाढ्य शहरांपुढें टिकतां यावें, असें त्या लढ्याचें एक जाहीर कारण सांगण्यांत येई. नव्या करारावर शिक्कामोर्तब झालें तें ८ डिसेंबरलाच, आणि त्याच संध्याकाळीं साखळींतील एक उत्कृष्ट खेळाडू लेकर्सच्या खिशांत पडतांना दिसला. क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनीं स्टर्न यांस चिडून पत्र धाडलें व हा व्यवहार सर्व मालकांच्या मतास टाकावा अशी मागणी केली. आदल्या वर्षीं लेब्रॉन जेम्स त्यांचा संघ सोडून मायामीस गेला होता; ती जखम अजून ओली होती.

आमच्या मतें स्टर्न यांचा दोष नकार देण्यांत नव्हता. आपली वस्तु न विकण्याचा हक्क कोणाही मालकास असतो, आणि आपण मालकाच्या जागीं बसून नकार दिला असेंच समर्थन त्यांनीं पुढें केलें. परंतु व्यवस्थापकास बोलणीं करूं द्यावयाचीं, दुसऱ्या दोन संघांस त्यांत गुंतूं द्यावयाचें, आणि ओरड झाल्यावर व्यवहार मोडावयाचा, हें मालकाचें वर्तन कीं पंचाचें? पंचाचें आणि मालकाचें अशीं दोन पागोटीं एकाच डोक्यावर चढविलीं, म्हणजे कोणतें पागोटें बोलत आहे हें कोणासच कळत नाहीं. सहा दिवसांनीं, १४ डिसेंबरला, पॉल लॉस एंजेलिसलाच पण क्लिपर्स या दुसऱ्या संघांत गेला, आणि न्यू ऑर्लिन्सला एरिक गॉर्डन, ख्रिस केमन, अल-फारूक अमीनू व निवडीचा एक हक्क मिळाला.

आतां पहिला व्यवहार पार पडला असता तर? न्यू ऑर्लिन्सपुरतें उत्तर बरेंच खात्रीनें देतां येतें. ओडम, स्कोला, मार्टिन हे मुरलेले खेळाडू होते. त्यांच्या बळावर तो संघ जिंकला नसता, पण तळाशींही गेला नसता. प्रत्यक्षांत गॉर्डन दुखापतीमुळें त्या मोसमांत अवघे ९ सामने खेळला. संघानें ६६ पैकीं २१ सामने जिंकले व ४५ गमावले. नव्या खेळाडूंच्या निवडींत पहिला मान कोणाचा हें तेथें सोडतीनें ठरतें, आणि हरणाऱ्यांस अधिक संधि असते. न्यू ऑर्लिन्सची संधि होती १३.७ टक्के, ६६ पैकीं केवळ ७ सामने जिंकणाऱ्या शार्लटची २५ टक्के. चिठ्ठी निघाली न्यू ऑर्लिन्सची, आणि अँथनी डेव्हिस त्यांच्या हातीं आला. संघ टॉम बेन्सन यांस विकण्याचें नुकतेंच ठरलें होतें, म्हणून संशयी मंडळींनीं कुजबूज केली. पण पुरावा कोणींच पुढें आणला नाहीं, आणि आम्ही तिला महत्त्व देत नाहीं.

हाच डेव्हिस २०१९ मध्यें लेकर्सकडे गेला आणि २०२० मध्यें लेकर्स विजेते ठरले. ज्या लेकर्सच्या पदरीं पॉल पडला म्हणून एवढा गहजब झाला, त्यांच्याच अंगणांत त्या नकाराचें फळ नऊ वर्षांनीं गळून पडलें! एवढेंच नव्हे. डेव्हिससाठीं लेकर्सनीं जे खेळाडू दिले, त्यांतील ब्रँडन इंग्रम व लोंझो बॉल हे त्यांना २०१६ व २०१७ च्या निवडींत दुसऱ्या क्रमांकावर मिळाले होते, म्हणजे पराभवाच्या वर्षांची ती कमाई होती. पॉल आला असता तर तीं वर्षें इतकीं वाईट गेलीं नसतीं, आणि मग देण्यास हे खेळाडूही नसते.

ह्यूस्टनकडे वळलों कीं जमीन निसरडी होते. ऑक्टोबर २०१२ मध्यें त्यांनीं ओक्लाहोमा सिटीकडून जेम्स हार्डन यास मिळविलें, आणि मोबदल्यांत जे दिलें त्यांत केव्हिन मार्टिन होता. मार्टिन आधींच न्यू ऑर्लिन्सला गेला असता तर तो सौदा निदान त्या स्वरूपांत झाला नसता. मग हार्डन आपल्या जुन्या संघांत केव्हिन ड्युरांटजवळ राहिला असता काय? आणि तो राहता तर २०१६ मध्यें ड्युरांट गोल्डन स्टेटला गेलाच नसता काय? येथें आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों तें एक साधें गणित आठवावें. प्रत्येक पायरी चारांत तीन इतकी संभाव्य धरली, तरी चार पायऱ्यांनंतर संपूर्ण साखळी खरी असण्याचा संभव एकतृतीयांशाहून कमी उरतो. म्हणून ड्युरांटपाशीं आम्ही थांबतों.

लेकर्सचा कोबी ब्रायंट त्या डिसेंबरांत ३३ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर पॉल आला असता तर एखादें विजेतेपद खात्रीचें होतें, असें त्याचे चाहते म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. गासोल व ओडम गेल्यावर उंच खेळाडूंची जागा कोणीं भरावयाची होती? अँड्र्यू बायनमच्या गुडघ्यांनीं लवकरच दगा दिला. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पॉल न मिळाल्यावर लेकर्सनीं २०१२ मध्यें स्टीव्ह नॅश यास आणलें. तो दुसऱ्याच सामन्यांत पाय मोडून बसला, मोसमाचा भार ब्रायंटवर पडला, आणि १२ एप्रिल २०१३ रोजीं ब्रायंटच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्यानंतर तो पूर्वीचा ब्रायंट कधींच राहिला नाहीं. स्टर्न व ब्रायंट दोघेही जानेवारी २०२० मध्यें वारले. लेकर्सचें तें विजेतेपद पाहण्यास दोघांपैकीं कोणीच नव्हता.

पॉलचें पुढील आयुष्य क्रीडेच्या इतिहासांत हळहळ लावणारें आहे. क्लिपर्सला त्यानें नांव मिळवून दिलें, पण सहा वर्षांत तो संघ दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाहीं. २०१८ मध्यें ह्यूस्टनमध्यें, हार्डनच्याच जोडीस, तो गोल्डन स्टेटविरुद्ध ३–२ असा पुढें होता. मांडीचा स्नायु दुखावल्यानें उरलेले दोन सामने त्यास बाहेर बसून पाहावे लागले, आणि दोन्ही गेले. २०२१ मध्यें फीनिक्सकडून अंतिम मालिकेंत २–० अशी आघाडी घेऊनही हार पत्करावी लागली.

आणि ओडम? त्या साऱ्या नाट्यांत त्याची चौकशी फारशी कोणीं केली नाहीं. २०१०–११ मध्यें राखीव खेळाडूंतील सर्वोत्तम म्हणून त्याचा गौरव झाला होता. आपणांस विकावयास काढलें होतें हें कळल्यावर तो दुखावला, आणि व्यवहार मोडला तरी त्यास तेथें राहवेना. त्याच्याच इच्छेवरून त्यास डॅलसला धाडण्यांत आलें. सामन्यामागें त्याचे गुण १४.४ वरून ६.६ वर आले. २०१२–१३ चा मोसम तो क्लिपर्समध्यें ख्रिस पॉलच्या शेजारीं खेळला. एका कागदावर ज्यांचीं नांवें विरुद्ध बाजूंस लिहिलीं गेलीं होतीं, ते दोघे आतां एका संघांत होते; शहर तेंच, आणि लेकर्स ज्या इमारतींत खेळत ती इमारतही तीच.