ऑटोरिक्षाचे द्रवचालित ब्रेक

ऑटोरिक्षाचे द्रवचालित ब्रेक : पुढे एक व मागे दोन चाके असलेल्या प्रवासी वाहनाचा वेग द्रवाच्या दाबाने कमी करणारी यंत्रणा. या द्रवात शिरलेली हवा बाहेर घालविण्याच्या क्रियेस कारागीर ‘ब्रेकची हवा काढणे’ असे म्हणतात. क्रिया साधी असली, तरी वाहनाची व प्रवाशांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून असते.

इतिहास : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात मांडला. त्याचा उपयोग करून माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत द्रवचालित ब्रेकचे एकस्व मिळविले. १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग मोटारगाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले व १९२४ पासून क्रायस्लर मोटारींमुळे त्यांचा प्रसार वाढला. तत्पूर्वीचे ब्रेक तारा, दांडे व तरफा यांनी ओढले जात. तारा सैल होऊन प्रत्येक चाकावरील ओढ कमीजास्त होई. द्रवामुळे ही विषमता बरीचशी दूर झाली. मात्र हवा शिरण्याचा नवा दोष त्यासोबत आला.

तीन चाकी वाहनाचा आधुनिक प्रकार इटलीत १९४८ मध्ये प्याज्जो कंपनीने ‘आपे’ या नावाने बाजारात आणला. त्याचा आराखडा स्कूटरचे रचनाकार कोर्रादीनो दास्कान्यो यांचा होता. भारतात बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन (स्थापना १९४५) ही संस्था आरंभी परदेशी दुचाकी व तीन चाकी वाहने आणून विकीत असे. तिचेच पुढे बजाज ऑटोमध्ये रूपांतर झाले. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला व पुण्याजवळील आकुर्डी हे या उद्योगाचे केंद्र बनले. १९७७ मध्ये मागे एंजिन असलेली ऑटोरिक्षा आली. पायाने दाबावयाच्या एकाच पट्टीने तिन्ही चाकांचे ढोलब्रेक लावणारी द्रवचालित यंत्रणा पुढे सर्वपरिचित झाली.

उपनगरांतील वापर : मुंबई बेटावर ऑटोरिक्षांना परवानगी नाही. पश्चिमेस वांद्र्यापासून व पूर्वेस शीवच्या पलीकडे त्या चालतात. खारदांडा ही समुद्रकाठची कोळी वस्ती याच क्षेत्रात मोडते. खार रेल्वे स्थानक १९२४ मध्ये सुरू झाले. स्थानकापासून वस्तीपर्यंतच्या लहान लहान फेऱ्या, अरुंद गल्ल्या, पदोपदी आडवी येणारी माणसे व वाहने यांमुळे ब्रेक वारंवार दाबावा लागतो. खारा वारा, मासळीच्या टोपल्यांतून गळणारे पाणी व पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारे पाणी यांमुळे धातूच्या नळ्या व निपले गंजतात. पाणी ढोलात शिरल्यास ब्रेकची पकडही काही काळ कमी होते.

दोष व कारणे : द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. त्यामुळे नळीत बुडबुडे असल्यास पट्टी खाली जाते, पण दाब चाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. ‘ब्रेक ऑइल’ हे नाव काहीसे फसवे आहे. हा द्रव सामान्यतः ग्लायकॉल-ईथरयुक्त असतो व तो हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो. सु. ३·७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४०° से. इतकी खाली येते. सतत ब्रेक लावल्याने ढोल तापतो, द्रवातील पाण्याची वाफ होते व पट्टी अकस्मात पोकळ लागते. एंजिनचे खनिज तेल भरल्यास रबरी वाट्या फुगतात व यंत्रणा निकामी होते.

हवा काढण्याची रीत : प्रथम पट्ट्यांचे व ढोलाचे अंतर जुळवून टाकी द्रवाने भरतात. मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. निपलावर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडवितात. मदतनीस पट्टी काही वेळा दाबून ती खाली धरून ठेवतो. कारागीर निपल किंचित सैल करतो, तेव्हा बुडबुड्यांसह द्रव बाहेर पडतो. पट्टी सोडण्यापूर्वीच निपल आवळावे लागते, नाहीतर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवतात आणि टाकी रिकामी होऊ देत नाहीत. बाटलीतील द्रव पुन्हा वापरीत नाहीत. एवढे करूनही दाबून धरलेली पट्टी हळूहळू खाली जात असेल, तर मुख्य सिलिंडरातील वाटी झिजली आहे किंवा कोठेतरी गळती आहे, असे समजावे.

महत्त्व : पट्टी दोनतीन वेळा दाबली की ब्रेक लागतो, या अनुभवावर विसंबून पुष्कळदा दुरुस्ती पुढे ढकलली जाते, कारण वाहन उभे राहिले की त्या दिवसाची कमाई बुडते. परंतु दुसऱ्यांदा पट्टी दाबण्याइतका अवधी प्रत्येक प्रसंगी मिळत नाही. शिवाय मागील दोन चाकांवरील ब्रेक असमान लागल्यास वाहन एका बाजूस ओढले जाते. पुढे एकच चाक असल्याने वळणावर ते कलंडण्याचा धोका असतो. एकाच मंडलाच्या यंत्रणेत एका ठिकाणची गळतीही तिन्ही चाकांचा ब्रेक घालविते. मग केवळ हातब्रेकचा आधार उरतो. इंधन म्हणून पेट्रोलऐवजी नैसर्गिक वायू आला व आता विजेवरील ऑटोरिक्षाही धावू लागल्या आहेत, तरी द्रवचालित ब्रेक असलेल्या वाहनांत हवा काढण्याचे हे काम पूर्वीइतकेच आवश्यक राहिले आहे.